नाव पुसलेल्या नऊ बाटल्या

९ जुलै
दगडूमामा आमच्या लॅबवर आले, बाटल्यांत रोपं वाढवतो तिथं. दौलताबादच्या डोंगराखाली मेंढरं राखतात, माहेरचं शेत त्यांच्या वस्तीला लागून, म्हणून मामा. धोतराच्या सोग्यातून कळलावीचा कंद काढला. नांगराच्या फाळासारखा, दोन टोकांना कोंब फुटायचे दोन डोळे. त्या उतारावर हॉटेलसाठी जेसीबी चालू आहे. ही शेवटची.
"आई म्हणायची, शेवटचा कंद काढायचा नाय. काय बी झालं तरी नाय. तू म्हणली म्हून काढला."
म्हटलं होतं खरं. बाटलीत जगवते, एकाची शंभर करते. जीभ लांब माझी.
मामांची कळलावी वेगळीच. बाकीची फुलं पिवळी उमलून तांबडी होतात, यांची झडेपर्यंत पिवळी. लहानपणी पाहिलीयत मी.

११ जुलै
दोन्ही डोळे कापून, धुऊन बाटल्यांत. उरलेला कंद कुंडीत पुरला. लॅबचे सर कुरकुरले, "मंगलताई, हे आपल्या ऑर्डरमधलं नाही." ऑर्डर नर्सरीच्या कळलावीची. म्हटलं, जेवणाच्या सुट्टीत करीन.

१८ जुलै
एक डोळा गेला. बुरशी. बाटलीभर पांढरा कापूस. कुंडीतला कंद उकरला तर सडलेला, वास.
आता सगळं एका डोळ्यावर.

३ सप्टें.
कोंब! मामांच्या सुनेच्या मोबाइलवर फोन केला.
"जगली का?"
"जगली मामा."
"मंग म्या पाप नाय केलं म्हण की."
हसले. मग खोकला लागला, थांबेचना. सुनेनं फोन ठेवला.

२२ नोव्हें.
मामांच्या एकाच्या चार बाटल्या. हळू वाढते, पण वाढते. मामांना दवाखान्यात ॲडमिट केलंय. छातीत गाठ म्हणे.

१६ जाने.
लिहवत नाही. लिहिते.
सोमवारी नऊ रोपं नव्या बाटल्यांत हलवली. चार मामांच्या, पाच नर्सरीच्या. कागदी चिठ्ठ्या संपलेल्या. मार्करनं काचेवरच लिहिलं, चारवर डों., पाचवर न. दोन दिवसांचा प्रश्न होता. नव्या मुलींना मीच दरडावते, मार्करनं लिहू नका, स्पिरिटनं पुसलं जातं. आज सगळ्या बाटल्या तपासायला निर्जंतुक पेटीत आत घेतल्या. आत घेण्याआधी स्पिरिटनं पुसायच्या, बारा वर्षांची सवय. हात चालले, डोळे कुठं होते कोण जाणे. नववी खाली ठेवली आणि कापसाचा बोळा बघितला. निळा.
नऊ बाटल्या कोऱ्या. आतली रोपं सारखीच. बाटलीत कोणती कुठली, कुणालाही कळणार नाही.

१७ जाने.
सरांना सांगितलं. तपासणी करायची तर पुण्याला पाठवावं लागेल. "नऊ बाटल्यांसाठी? दोन्ही कळलावीच ना? म्हाताऱ्याला कोण सांगायला जातंय." विषय संपला.
त्यांचा राग आला नाही. माझाच येतोय.

५ फेब्रु.
घरी यांना सांगितलं. म्हणाले, नऊच्या नऊ लावून टाक, त्यात त्यांची चार असतीलच. असतील. पण मग नर्सरीची पाच त्याच डोंगरावर बी धरणार, सरमिसळ होणार, आणि पुढं कायमचं तेच. नाही लावली तर मामा रिकाम्या हातानं जाणार. फूल येईपर्यंत थांबायचं म्हटलं तर दोन पावसाळे. मामांकडे दोन महिने आहेत का?
पुंडलिकनगरात आमच्या गल्लीत सगळ्यांना वाटतं मी शास्त्रज्ञ आहे. असो.

२० मार्च
नऊही बाहेर काढून कुंड्यांत लावली. हिरव्या जाळीखाली. वर प्लॅस्टिक पिशव्या.

२८ एप्रिल
ऊन बेचाळीसवर. आज पाचवं मेलं. देठ बुडातून काळा पडतो आणि रोप आडवं होतं. दरवेळी वाटतं, हे त्यांचं होतं. मग वाटतं, नसेल.

१२ मे
तीन उरली. मामांना घरी आणलं. डॉक्टर म्हणाले, घरीच राहू द्या.

१५ जून
तिन्ही कुंड्या पिशवीत घालून दौलताबाद. मामा खाटेवर, हाडांचा सापळा. कुंड्या बघून उठून बसायला गेले. पानाच्या शेंड्याचा तणावा बोटावर गुंडाळला.
"आपलीच हाय ना?"
दारातून सून मान हलवून खुणावत होती, सांगू नका. सोपं होतं. एक "व्हय" म्हणायचं होतं.
सांगितलं. बोळ्यापर्यंत सगळं.
तणावा बोटावरून सोडवला. म्हणाले, "डोळे तर चांगले हायत की तुझे."
रडले मी. त्यांनी रडू दिलं.
"लाव," म्हणाले. "वर बिरोबाच्या देवळामागं. तिथं मशीन जात नाय. तिन्ही लाव. फूल आलं की यायचं. तांबडं झालं का उपटून टाकायचं, बी धरायच्या आत."
"मामा, दोन पावसाळे लागतील."
"मला ठावं हाय. म्हून तर तुला सांगतोय."
"तिन्ही तांबडी निघाली तर?"
त्यांनी पाणी मागितलं.

सुनेबरोबर वर गेले. तीन खड्डे केले. खुणेला दगड ठेवले. तिनं माती सारली, हात झटकले.
"ताई, रोज पाणी घालावं लागंल का?"
"पाऊस लागेपर्यंत रोज."
"उपटायचीच असली तरी?"
"व्हय," म्हटलं. "आधी जगू तर दे."