मुबीनची थकलेली वर्गणी

शैलेश,

कॉलेजच्या माजी विद्यार्थी मंडळाची थकलेली वर्गणी मागायला काल अहमदीच्या तेलकंपनी वसाहतीत मुबीनकडे गेलो होतो. तू सांगितलंस तसं, "या वेळी दे, नाहीतर नाव कमी करतो," असं बोललोही.

तो हसला. म्हणाला, "पैसे कधीचे काढून ठेवलेत रे. पण दिले की वर्षभर तुमच्यापैकी कोण येणार इकडे? ताहिरा पोरांना घेऊन मायदेशी दापोलीला गेल्यापासून घरात आपल्या भाषेत बोलायला माणूस नाही."

पैसे न घेताच परतलो. आज पापलेट घेऊन पुन्हा त्याच्याकडेच चाललोय. आपल्या घरी आज स्वयंपाक केलेला नाही. ड्युटी संपली की तूही तिकडेच ये. पावतीपुस्तक मात्र आणू नकोस.

पुंडलिक