आपोआप बंद पडणारी गाडी

२८ ऑगस्ट २०२२

आली एकदाची! पांढरी, पेट्रोलची, हायब्रिड. यांनी नारळ फोडला, चाकांखाली लिंबं ठेवली आणि मलकापूरच्या शोरूममध्ये ऐकलेलं सगळं अंगणात घडाघडा म्हणून दाखवलं — पंधराशे सीसी, चार सिलिंडर, एकशे तीन घोडे, लिटरला वीस. वर, "अन् बॅटरीवर बी चालते!"

नाही चालत. दुपारी माहितीपुस्तक मीच वाचलं. डावीकडच्या सीटखाली बॅटरी आहे, एवढीशी. इंजिन ओढायला लागलं की ती मागून थोडा जोर लावते, बस. म्हणजे आमच्या बियाण्याच्या दुकानात मी करते तेवढीच मदत — नाव इंजिनाचं!

मी स्टिअरिंगला नुसता हात लावला. "उतर, उतर! नाजूक इंजन हाय. बाईमाणसाचं काम नाई हे."

बरं!

३० ऑगस्ट

ठरलं. शिकणार. यांना न विचारता.

मागच्या साली एसटीचा संप चालू होता. मेहकरहून, माझ्या माहेराहून, फोन आला, बाबांचं जास्त आहे. मी पिशवी भरून ओट्यावर. हे म्हणाले, "आलोच." संध्याकाळी आले. मेहकरला पोचलो तेव्हा सगळं उरकलं होतं. अजून राग जात नाही. आता आई तिथे एकटी आहे. तिच्यासाठी मी पुन्हा ओट्यावर बसून राहणार नाही.

६ सप्टेंबर

गुरू मिळाली — आयशा! रहेमतुल्ला मिस्त्रींची लेक, उर्दू शाळेत शिकवते, बापाच्या गॅरेजमधल्या सगळ्या गाड्या चालवून बसली आहे. हे दुपारी बियाण्याच्या कंपनीच्या माणसांबरोबर त्यांच्या जीपमधून खेडी फिरायला जातात, चावी खुंटीवर. जिनिंग कारखान्याचं मैदान कापूस येईपर्यंत रिकामं. आणखी काय पाहिजे?

"काकू, क्लच आहिस्ता सोडा. पाय हाय का उखळातलं मुसळ?"

पाच वेळा बंद पाडली. एकदा मात्र माझी चूक नव्हती. न्यूट्रल करून क्लच सोडला की हे इंजिन आपलं आपण झोपतं, पेट्रोल वाचवायला. क्लच दाबला की उठतं, खरखर नाही, काही नाही. मला फार आवडलं.

९ सप्टेंबर

बोनेटपलीकडचं दिसत नव्हतं, उंचीच तेवढी! जुन्या जांभळ्या साडीची खोळ शिवली, आत कवडी कापूस भरला. अळीनं खाल्लेला तो कापूस मागच्या हंगामापासून कोपऱ्यात पडून होता, कुणी घेत नव्हतं. चांगली गुबगुबीत उशी झाली. काम झालं की डाव्या सीटखाली कोंबायची. कुणाला दिसत नाही.

१७ सप्टेंबर

हे ट्रॅक्टरचं उरलेलं ऑइल घेऊन बोनेट उघडून उभे! रहेमतुल्लाभाई रस्त्यावरून ओरडत आले — "शेषरावभाऊ, काऊन जीव घेऊन राह्यले तिचा? हिले पाण्यावानी पातळ ऑइल लागते!" हे म्हणाले, "घट्ट घातलं तर ताकद येते न." गाडी आहे की बाळंतीण!

४ ऑक्टोबर

बोंडात गुलाबी अळी. पुन्हा. लोक हातात बोंडं घेऊन दुकानात येतात, काउंटरवर फोडून दाखवतात. आत बारीकशी अळी आणि काळा पडलेला कापूस. बियाणं आम्ही बनवलं नाही, पण विकलं आम्हीच. हे मागच्या दारानं निघून गाडीत जाऊन बसतात. मी काउंटरवर. पाणी देते, ऐकून घेते.

१९ ऑक्टोबर

आज चौकात जे झालं ते लिहिताना अजून हसू येतंय. हे गुपचूप सटकत होते, समोर बैलगाडी आडवी आली. थांबले, न्यूट्रल केलं — इंजिन झोपलं. हे घाबरले, "बंद पडली!" लगेच दहा-पंधरा जण भोवती. पुढे हिंमतराव पाटील, त्यांची कापसाची सगळी पऱ्हाटी अळीनं गेलेली. "काय बियानं देल्लं बे शेषराव? बोंडं हायत का अळीची घरं?" असं म्हणता म्हणता पाटलांनी धोतर खोचलं आणि ढकलायला लागले! सगळ्यांनी शिव्याही दिल्या आणि धक्काही दिला, थेट आमच्या दारापर्यंत. क्लच दाबायचं कुणाला सुचलं नाही. मी ओट्यावरून पाहत होते. मला सुचलं होतं, पण बोलले असते तर पकडले गेले असते.

सगळ्यांना चहा केला. हिंमतराव कप ठेवताना म्हणाले, "वहिनी, औंदा पोरीचं लग्न पुढं ढकललं." मग हसू पार मावळलं.

२ नोव्हेंबर

गाडीत पिवळा दिवा लागला! बॅटरीचा. मेले.

३ नोव्हेंबर

रहेमतुल्लाभाईंनी डाव्या सीटखाली हात घातला आणि जांभळी उशी बाहेर! बॅटरीला हवा जायची जाळी तिनंच बंद केलेली, तंतू आत ओढले गेलेले. "बॅटरी तापली न, शेषरावभाऊ."

"हे काय हाय?" हे.

रहेमतुल्लाभाईंनी एकदा माझ्याकडे पाहिलं. "कंपनीची असन."

"हो हो," हे म्हणाले, "शोरूमवाल्यानं फुकट देल्ली." साडी यांनीच आणलेली, अकोल्याहून! ओळखली नाही. मला हसावं की रडावं कळेना. जाळी साफ केली, दिवा गेला.

१० नोव्हेंबर

यांना हायवेवर पोलिसांनी धरलं. लायसन्स कधीच संपलेलं! आता मलकापूरच्या आरटीओ कॅम्पात पुन्हा परीक्षा. माझं शिकाऊ लायसन्स आयशानं सप्टेंबरातच काढून ठेवलंय. माझीही तारीख तीच घेतली.

२२ नोव्हेंबर

कॅम्प. मी "बाजार करायचा" म्हणून सोबत गेले. कोकिळा शेषराव अशी हाक आली. हे म्हणाले, "इथं दुसरी कोनी कोकिळा हाय वाट्टे." मी चावी मागितली. यांचं तोंड उघडं ते उघडंच! आठचा आकडा काढला, चढावर थांबवली, उचलली. पास!!

मग हे. चढावर थांबवलं, इंजिन झोपलं. यांनी काय करावं? ट्रॅक्टरसारखं खाली उडी मारून बोनेट उघडायला गेले! हँडब्रेक नाही. गाडी निघाली मागे, आत परीक्षा घेणारे साहेब एकटेच. त्यांनीच हँडब्रेक ओढला. नापास.

येताना मी चालवली. मोताळ्यापाशी हे माझ्या गिअरवरच्या हाताकडे बघायला लागले. मग हळूच — "कधी शिकली?"

"तुम्ही 'आलोच' म्हनाले न, तवापासून."



२७ नोव्हेंबर

सकाळी यांनी स्वतःच गाडी पुसली. "तू मेहकरले जाय म्हनतो. मी दुकानात बसतो. लोकं येतात, मले सामोरं जायले पायजे." मागचं दार आज उघडलंच नाही.

२८ नोव्हेंबर, मेहकर

घाटात फार भीती वाटली, पण आले. एकटी. आई दारात ओवाळायला भाकरतुकडा घेऊन जावयाला शोधत होती. गाडीत मीच. आईनं वाकून मागची सीटही पाहिली. भाकरतुकडा ओट्यावरच ठेवला आणि म्हणाली,

"उतरू नको, कोकिळा. चप्पल घालून येतो. मले माह्या माहेरी ने. माय गेली तवा कोनी नेलं नाई."