प्रेसिडेंटांचे शेवटचे पाच घास

प्रविण, चष्मा कपाळावर आहे. तो खाली घे आणि मग वाच. गॅसवर दूध ठेवून आला असशील तर आधी बंद करून ये. हे मृत्युपत्र आहे, उतू जाणार नाही.

मी, धर्मीबाई शिवा मोकल, वय अंदाजे ब्याऐंशी (खाडीचा बांध फुटला त्या वर्षीची, असं आई सांगायची), राहणार रामवाडी, पेण, जिल्हा रायगड, आज पूर्ण शुद्धीवर, पोटभर जेवून आणि कोणीही न दटावता हे मृत्युपत्र सांगते आहे. मला अक्षर येत नाही. नात मनस्वी लिहिते आहे. ती मध्येमध्ये हसते, ते लिहू नये असं तिला बजावलं आहे.

१. रामवाडीतल्या दोन खोल्या आणि मागचा शेवगा माझा एकुलता मुलगा प्रविण याला द्यावा. शेंगा मात्र आजवर गल्लीने खाल्ल्या, पुढेही गल्लीने खाव्यात.

२. धरमतरकडच्या खाजणातल्या खारजमिनीतला माझ्या मयत पतीचा हिस्साही प्रविणला. विकायचा तर विकावा, पण त्यातून गाडी घेऊ नये. त्याला चप्पल कुठे काढली ते आठवत नाही, गाडी कुठे लावली ते काय आठवणार.

३. पोस्टातली शिल्लक, कानातल्या कुड्या आणि माझी विळी मनस्वीला. सासरी विळी बघून कोणी हसलं तर तिने आधी नारळ खवून दाखवावा, मग बोलावं.

४. आता ज्यासाठी हा कागद केला ते.

दिनानाथराव आमच्या नगरपालिकेचे अध्यक्ष होते. तेव्हा सगळे त्यांना प्रेसिडेंट म्हणत. त्यांच्या बंगल्यावर मी बत्तीस वर्षं स्वयंपाक केला, ते गेल्यावर बाईसाहेबांचाही. साहेबांना जाऊन पन्नास वर्षं होत आली. आता पेण-रोह्याच्या हौशी माणसांनी इतिहासप्रेमी मंडळ काढलं आहे. निवृत्त शिक्षक सुशील सर त्याचे मुख्य. रोज सकाळी मोबाइलवर त्यांच्या ग्रुपमध्ये बंगल्याचा एक प्रश्न पडतो. टेलिफोनचा नंबर काय? पोपट कोणाला शिव्या द्यायचा? साहेब चहात काय घालायचे? एक म्हणतो गूळ, दुसरा म्हणतो सुंठ, तिसरा फोटो टाकतो आणि तो भलत्याच बंगल्याचा निघतो.

मग रोह्याहून हौसाचा आवाज येतो. मनस्वी मला तो ऐकवते. मीच लावायला सांगते आणि मीच बंद करायला सांगते.

"सर, ऐका हां. गूल नाय न सुंठ नाय. गवती चहाची एक पात, तीबी गाठ मारून."

सर लगेच म्हणतात, "बिनचूक, हौसाताई!"

हौसा बंगल्यावर होती जेमतेम दोन वर्षं. वरकामाची पोर. ती गाठ मारायला तिला शिकवली कोणी? मी.

गेल्या वर्षी बंगल्याच्या ओटीवर मंडळाचा मेळावा झाला. हौसाला शाल, नारळ आणि पहिल्या रांगेतली खुर्ची. मी तिसऱ्या रांगेत, खांबाआड. सरांनी विचारलं, "झोपाळ्याला पितळी कड्या किती होत्या?" हौसा म्हणाली, "बारा." टाळ्या पडल्या. मी खांबाआडून म्हटलं, "अकरा. न बाराव्या जागी तार. दर शनवारी चिंच लावून घासायची मी."

"आजी, नंतर बोलू हां," सर म्हणाले.

तेव्हा हौसा मागे वळली. "नाय सर. अक्का बोलते तेच खरं हाय. अकरा लिवा."

सरांनी अकरा लिहिलं. मी जिंकले, पण तिच्या शिफारशीने. त्या दिवशीचा मंडळाचा पेढा मी पदरात बांधून आणला आणि कोंबड्यांना घातला.

५. मंडळाने बंगल्यावर पुस्तिका छापली आहे. त्यात हौसाचं नाव चौदा वेळा आहे (मनस्वीकडून मोजून घेतलं). माझं एकदा. त्या पानाचा कोपरा मी दुमडून ठेवला आहे. वाक्य असं: "अखेरच्या दिवशी प्रेसिडेंटसाहेबांनी धर्मीबाईंच्या हातचे पाच घास खाल्ले."

ते वाक्य खोटं आहे.

बाईसाहेबांच्या गळ्यात माळ होती, बंगल्यात मासळी चालत नव्हती. हौसाला चुलीपासून हटवून मागच्या मोरीवर भांड्यांना लावली ती मी. बाईसाहेबांना सांगितलं, हिच्या हाताला खाडीचा वास येतो. खरी गोष्ट अशी की तिच्या हाताला चव होती, आणि ती साहेबांना कळायला लागली होती.

आजारात साहेबांनी चार दिवस अन्न टाकलं. मी पेज केली, मऊ भात केला, ते तोंड फिरवायचे. पाचव्या दिवशी हौसाने गोठ्यामागे तीन दगड मांडून निवट्यांचं कालवण केलं. निवटे म्हणजे खाडीच्या चिखलात उड्या मारणारे मासे. लहानपणी साहेब ते हाताने धरायचे. वाटी माझ्या हातात देऊन ती म्हणाली, "अक्का, तू ने. बाईसाहेब माझ्या हातनं आत जाऊ द्यायच्या नाय."

मी वर भात पसरला आणि नेली. साहेबांनी पाच घास खाल्ले. डोळे उघडून विचारलं, "कुणी केलं गो?"

मी म्हटलं, "मी."

हौसा दाराआड होती. तिच्या बांगड्या वाजल्या आणि मग थांबल्या.

संध्याकाळी साहेब गेले. बाईसाहेबांनी तीच काशाची वाटी मला दिली, शेवटचं माझ्या हातचं गोड लागलं म्हणून. पुढच्या महिन्यात हौसा लग्न होऊन रोह्याला गेली.

आता पुस्तिका पुन्हा छापायची आहे. मागच्या महिन्यात सरांनी ग्रुपवर विचारलं, ते पाच घास नक्की कोणाच्या हातचे? मनस्वीने लावलं तेव्हा मी भिंतीला टेकून बसले. हौसाचा आवाज आला, "धर्मीअक्काच्या हातचे. मी दाराआड व्हते, सर. या डोल्यांनी बघितलं."

पन्नास वर्षं तिच्या चवीवर जळले, गेल्या वर्षीपासून तिच्या शालीवर जळले. पण या एका गोष्टीवर जळले तेवढी कशावरच नाही. सोडून द्यायला तिच्याजवळ काहीतरी होतं आणि तिने ते सोडलं. मला ते सुचलंही नसतं.

६. म्हणून ते वाक्य मी हौसाला देते. नव्या पुस्तिकेत माझं नाव काढून तिचं घालावं आणि पदार्थ निवट्यांचं कालवण होता हेही लिहावं. माळेवरून कोणी बोललं तर माझ्याकडे पाठवावं, मी जिथे असेन तिथे. काशाची वाटीही हौसाचीच. ती माझ्याआधी गेली तर तो तिचा आगाऊपणा समजावा आणि वाटी तिच्या सुनेला द्यावी.

हा कागद माझ्या पश्चात सुशील सरांनी मेळाव्यात मोठ्याने वाचावा. त्या दिवशी हौसाला दुसरी शाल देऊ नये. एक आहे.

जिवंतपणी का सांगत नाहीस, असं मनस्वीने आत्ताच विचारलं. सांगितलं तर हौसा म्हणेल, "जाऊ दे गो अक्का." ते ऐकायची ताकद माझ्यात नाही.

वरचं सगळं मला दोनदा वाचून दाखवलं. दुसऱ्यांदा वाचताना मनस्वी हसली नाही. मजकूर माझाच आहे म्हणून साक्षीदारांसमोर डाव्या हाताचा अंगठा उठवते.

धर्मीबाई शिवा मोकल (अंगठा)

साक्षीदार:
१. आदेश काळुराम ठाकूर, शेजारी, रामवाडी (सही)
२. साईराज सखाराम घरत, इतिहासप्रेमी मंडळ (सही, पुस्तिका हाच छापून घेतो, म्हणून मुद्दाम बोलावला)

ठिकाण: पेण
दिनांक: ११ जानेवारी २०२६

अंगठ्यानंतर सांगितलेलं, दोन्ही साक्षीदारांसमोर लिहिलं: भांडं रिकामं परत करायची आपल्यात रीत नाही. वाटीत वालाचं बिरडं भरून रोह्याला पाठवा. वाल पेणच्या बाजारातले घ्या, रोहेकरांना जरा कळू दे. मनस्वीने करावं, नीट मोड आणून, एकेक दाणा सोलून. खोबरं सढळ घाला आणि मीठ किंचित कमी. हौसाला नाव ठेवायला काहीतरी पाहिजे.