माझगावचा बर्फ आणि परळचा हेलियम

बाबा, तुम्ही गेलात तेव्हा मी फ्रिज दुरुस्ती शिकत होते आणि मुलीला हे काय सुचलं म्हणून आई वैतागली होती. आता मी इस्पितळांतल्या एमआरआय मशीनचे कूलर सांभाळते. माझगावच्या बर्फाच्या कारखान्यात तुमचा जन्म गेला, तेव्हा तुम्हाला लगेच कळेल. मशीनचं चुंबक द्रव हेलियममध्ये बुडालेलं असतं, शून्याखाली दोनशे एकोणसत्तर अंशांवर. शेजारच्या खोलीतला कॉम्प्रेसर हेलियमचा वायू दाबतो. दाबल्यावर तो तापतो, ती उष्णता पाणी घेऊन जातं. मग तो चुंबकावरच्या कूलरमध्ये पसरतो, तिथली उष्णता उचलतो आणि परत येतो. हे सतत चालतं, चिमणीसारखा चिवचिव आवाज करत.

परवा परळच्या एका इस्पितळात गेले तर तो आवाज बंद. कॉम्प्रेसर चालू केला की पाच मिनिटांत बंद पडायचा. हेलियम उकळून टाकीतला दाब वाढत होता आणि बाहेर बाकड्यावर एक आजी सकाळपासून नंबर लावून बसलेल्या. आमच्या कंपनीचे साहेब फोनवर म्हणाले, कूलर गेला, नवा मागवू. तो यायला आठवडा, तोवर हेलियम उडून जाणार.

मी तिथे उभी आहे आणि मला तुमचा कारखाना दिसतोय. सुट्टीत डबा घेऊन आलेली नऊ वर्षांची मी, हिम धरलेल्या पाइपला ओला हात लावते. बोटं चिकटतात. तुम्ही ओढत नाही, मगभर पाणी ओतून सोडवता आणि मगच ओरडता. माझं रडू थांबेना म्हणून मागे नेऊन पाण्याच्या पाइपातली जाळी दाखवता, शेवाळाने भरलेली.

"मशीन तापलं की सगळे मशीनलाच शिव्या देतात. तू आधी पाणी बघ."

मी पाणी बघितलं. जाळी गाळाने गच्च होती. धुऊन बसवली. पाच मिनिटं गेली, मग वीस. चिवचिव चालू राहिली, दाब उतरू लागला. दुपारी आजींचा नंबर लागला. आत जाताना म्हणाल्या, "बरं झालं गं, उद्या परत काळाचौकीहून यायचा माझा हेलपाटा वाचला." मला इतकं हसू आलं.

मग तिथल्या तंत्रज्ञाने चहा दिला आणि विचारलं, मॅडम, हे कुठे शिकलात? हे पत्र कुठे टाकायचं नाहीये, म्हणून खरं ते कबूल करते. मी म्हणाले, कंपनीच्या ट्रेनिंगमध्ये.