आईचा दमा आणि मालवणची होडी

सुविधाची सकाळची ड्युटी होती, आणि तिची आई गंगव्वा खोकून खोकून आत्ताच कुठं झोपली होती. निपाणीत तीस वर्षं विड्या वळताना तंबाखूच्या धुळीनं तिला दमा जडला होता. काल जेवताना ती म्हणाली, "समुद्राला तू आणि तुझा भाऊच जावा. मी वाटंत दम लागून बसले तर तुमची सुट्टी वाया."

झोपमोड नको म्हणून सुविधानं चिठ्ठी लिहून चहाच्या डब्याखाली ठेवली.

"आई, भाकरी टोपलीत हाय, गरम पाणी थर्मासात. शुक्रवारी निघायचं, तिघांनी. आजऱ्यात थांबू, आंबोलीत थांबू, तू म्हणशील तिथं थांबू. वेंगुर्ल्याला कासवाची पिल्लं वाळूतनं समुद्राकडं जात्यात, ती बघू. मालवणला होडीतनं बेटावरच्या किल्ल्याला जाऊ. तुला दम लागला तर मीबी तुझ्यासंगं बसणार, भीमरत्न एकटा फिरंल. तू न्हाय आलीस तर गाडी निघणार न्हाय. काल मी ताटावरनं चिडून उठले, चुकलं माझं. सुविधा."

दुपारी ती परतली तर दाराला कुलूप. शेजारणीकडून किल्ली घेऊन आत आली. चिठ्ठीच्या पाठीमागं पेन्सिलीनं मोठाली अक्षरं होती:

"दवाखान्यात चालले. होडीत बसलेलं चालतंय का इचारून येते. गाडीत पुढं मी बसणार."

लेकीनं वर्षभर पाया पडूनही आई दवाखान्याची पायरी चढली नव्हती. सुविधानं चपलाही काढल्या नाहीत. हसत, डोळे पुसत ती तशीच दवाखान्याकडं निघाली.