भिंतीपलीकडचा खुनी

सौ. मोठ्या जाऊबाईंना धाकटीचा वाकून नमस्कार.

(वाकून असं लिहिलंय खरं, पण कंबर धरलीय, तेव्हा नमस्कार उभ्यानेच झाला असं समजा.) तुमचे गुडघे कसे आहेत, मोठ्या भाऊजींचा खोकला कसा आहे, हे विचारायची रीत आहे म्हणून विचारते. एरवी आज सकाळीच गच्चीवर कपडे वाळत घालताना तुम्ही मला दोन्ही गुडघ्यांची वेगवेगळी हकिगत सांगितलीत, आणि खोकला तर मला भिंतीतून ऐकू येतो. सकाळी भेटलेल्या बाईला ही धाकटी पत्र कशाला लिहितेय, असं तुम्हाला वाटेल. कारण आहे, पण ते कळायला शेवटपर्यंत वाचावं लागेल. मधलं गाळून एकदम शेवट बघायचा नाही, तुमची सवय मला ठाऊक आहे.

आज संध्याकाळी आपली पोलिसांची मालिका संपतेय. आमचा मुलगा रांगत होता तेव्हा ती सुरू झाली, आता तो दाढी करतो आणि ‘काय बघता हे’ म्हणून आम्हाला हसतो. हसू दे मेल्याला. दुपारी दुकानातल्या शर्टांची काजं करता करता मी मालिकेचं बरंवाईट आठवत बसले होते. वाईट सांगायचं तर दिवस पुरणार नाही. मेलेल्या माणसाच्या पापण्या हलतात. गरीब मरो नाहीतर श्रीमंत, सगळ्यांच्या घरी तोच तपकिरी सोफा (त्याच्या हातावरचा चहाचा डाग मी ओळखते. प्रत्येक खुनाच्या जागी हजर, तरी त्याच्यावर कुणी संशय घेतला नाही). इन्स्पेक्टरसाहेबांना गोळी लागली उजव्या पायाला आणि ते लंगडतात डाव्याने. त्यांचा शर्ट तर आपल्या दोघींच्या शिंपी नवऱ्यांना पहिल्या भागापासून सलतोय, खांदा उतरलेला, कॉलर बसलेली नाही. भाऊजी म्हणायचे, या माणसाला चोर सापडतो, पण शिंपी सापडत नाही. आणि सगळ्यांत मोठा दोष म्हणजे ती कबुली. भाग संपत आला की इन्स्पेक्टर नुसता रोखून बघतो, आणि तोवर ज्याने ताकास तूर लागू दिलेला नसतो तो माणूस भडाभडा सगळं ओकून टाकतो. असा कबूल होणारा पुरुष कुणी बघितलाय का हो? आपण दोघी आपापल्या नवऱ्यांकडे वर्षानुवर्षं रोखून बघतोय, काय उपयोग झाला?

या मालिकेने आपलं घर फोडलं, असं तुम्ही एकदा म्हणाला होतात. ते मला पटत नाही, पण तिने हातभार लावला हे खरं. दुकान एक होतं तेव्हा भाऊजी कापड कापायचे, आमचे हे शिवायचे, आणि मामंजींनी मागे ठेवलेली ती मोठी कात्री दोघांच्या मधे टेबलावर असायची. एक दिवस ती दिसेना. साधा माणूस काय करेल? वाकून टेबलाखाली बघेल. आमच्या ह्यांच्या अंगात इन्स्पेक्टर संचारला. ह्यांनी दुकानाचं शटर अर्धं खाली ओढलं, सख्ख्या थोरल्या भावाला स्टुलावर बसवलं, आणि काल दुपारी तुम्ही कुठे होता, तुम्हाला कुणी पाहिलं, असं विचारायला लागले. वर पुन्हा ते रोखून बघणं. भाऊजी कबूल तर झाले नाहीतच. उठले, गळ्यातला टेप काढून टेबलावर ठेवला, आणि अर्ध्या शटरखालून वाकून निघून गेले. मग वेगळी दुकानं, वेगळ्या चुली, आणि शेजारी शेजारी दोन दारं, ज्यांच्यामध्ये चपलांचा एक स्टँड कसाबसा मावतो. बोलणं बंद.

पण मालिका मात्र दोघांपैकी एकानेही सोडली नाही. भावाला टाकलं, इन्स्पेक्टरला नाही! आणि त्यातूनच पुढची पंचाईत झाली. तुमच्याकडे जुनी केबल, आमच्याकडे ही नवी डिशची छत्री. ती सगळं आभाळातून फिरवून आणते, त्यामुळे आमचा इन्स्पेक्टर तुमच्या इन्स्पेक्टरपेक्षा एक वाक्य मागे असतो. आमच्याकडे तो बोट उचलतोय, तोवर तुमच्याकडे नाव घेऊन मोकळा. भिंतीतून ‘मेव्हणा!’ असं ऐकू येतं, आणि आमच्याकडे तो मेव्हणा अजून प्रेताला मिठी मारून रडतच असतो. मला त्याचं काही नाही, उलट माझ्या जिवाला घोर कमी. पण ह्यांचा तिळपापड व्हायचा. खुनीसुद्धा थोरल्याला आधी मिळतो म्हणजे काय! त्यात गेल्या वर्षभरात तुमच्याकडचा आवाज वाढतच गेला, इतका की आमच्या मांडणीवरचे पेले किणकिणायचे. शेवटी एका संध्याकाळी ह्यांनी कापड मोजायची लाकडी पट्टी उचलली आणि भिंतीवर दाणदाण ठोकलं. तुमचं भिंतीवरचं घड्याळ हललं म्हणे, त्यावरून भाऊजींना कळलं. त्या दिवसापासून तुमच्याकडून चकार शब्द नाही.

आता ह्यांना खुनी स्वतःच्या टीव्हीवर, स्वतःच्या वेळेला कळायला लागला. मला वाटलं, सुटले बाई एकदाची. पण हे टीव्हीकडे तोंड करून बसायचे आणि कान भिंतीकडे. आमचाच आवाज बारीक करून बघायचे, पलीकडे काही हलतंय का. आणि मग या माणसाने आयुष्यातला पहिला खरा तपास केला. जिन्यात मागून हाक मारली तर दादा वळत नाही. गिऱ्हाईक छातीचं माप सांगतं आणि दादा ते कमरेचं म्हणून लिहितो (ते गिऱ्हाईक पँट सैल झाली म्हणून आमच्या दुकानात आलं होतं). आणि वर्षभर तो वाढत गेलेला आवाज. सगळं जोडून ह्यांनी जेवता जेवता मला सांगितलं, की दादाला ऐकू येत नाहीये. मी दुसऱ्या दिवशी गच्चीवर तुम्हाला विचारलं, तर तुम्ही पदर डोळ्यांना लावलात. म्हणालात, कानाचं यंत्र आणलंय, पण ते खणात पडून आहे. शेजाऱ्यांना त्रास नको म्हणून आवाज पुरता बंद करून बसतात, आणि म्हणतात, मला तोंडं बघून कळतं. हे मी घरी येऊन ह्यांना सांगितलं. तसे हे उठले. मशीनवर जाऊन बसले, आणि सुईत दोरा न ओवताच किती वेळ शिवत राहिले.

आता मालिकेचं बरं. इन्स्पेक्टर वाईट बातमी कधी फोनवर सांगत नाही, माणूस पाठवून कळवत नाही. लंगडत का होईना, जिने चढून स्वतः जातो, दार वाजवतो, आणि दार उघडायच्या आत तो म्हातारा हवालदार डोक्यावरची टोपी काढतो. मेलेला लॉन्ड्रीवाला असो नाहीतर कारखान्याचा मालक, टोपी निघतेच. एकदा त्यांनी चुकीच्या माणसाला पकडलं होतं, आठवतं? तेव्हाही साहेब त्याच्या दारात गेले आणि म्हणाले, माझं चुकलं. शर्टाचा खांदा तसाच उतरलेला, पण मला त्या दिवशी तो माणूस फार देखणा वाटला. भिंतीच्या दोन्ही बाजूंना दोघे भाऊ हेच बघत होते. मला वाटलं, आता कुणीतरी उठेल. कुणी उठलं नाही. जाहिराती लागल्या.

जाऊबाई, मला भीती आहे ती याचीच. आमचे हे एवढी वर्षं एक वाक्य जुळवतायत. आंघोळ करताना पुटपुटतात, नळाच्या आवाजात मला ऐकू येत नाही असं त्यांना वाटतं. ते वाक्य जुळेल तोवर ऐकणाऱ्याचे कान पुरते गेलेले असतील. मग ते सांगायचं कुणाला, भिंतीला?

असो, फार लिहिलं. लोभ आहेच, तो भिंतीतूनही पोचतो.

तुमची,
धाकटी

ता. क. कात्री सापडलीय. आज नाही, भांडण झाल्यावर थोड्याच दिवसांत. कोटाच्या जाड कापडाच्या ताग्यात गुंडाळली गेली होती. तागा कुणी गुंडाळला होता ते विचारू नका, भाऊजींनी नव्हता एवढं नक्की. तेव्हापासून ती ह्यांच्या कपाटात आहे. तिने एक कापड कापलेलं नाही, पण तिला तेल मात्र न चुकता लावतात.

आणखी एक ता. क. हे पत्र आवाजाबद्दल आहे असं मी ह्यांना सांगितलंय, आणि ते काही खोटं नाही. दाराखालून सरकवायचं नाही, हातात द्यायचं, उत्तर घेतल्याशिवाय परतायचं नाही, असंही सांगितलंय. सोबत एक पिशवी दिलीय, तुमचा डबा परत करायचाय म्हणून. पिशवी घेताच ह्यांनी वजन जोखलं. शिंप्याच्या हाताला डबा आणि कात्री यांतला फरक कळणार नाही होय? माझ्याकडे बघितलं. मीही रोखून बघितलं (एवढी वर्षं मालिका बघून मला तेवढंच येतं). मग ह्यांनी चपला घातल्या, आणि आता दारात उभं राहून मलाच म्हणतायत, आटप लवकर.

तेव्हा शेवटचं. तुम्ही हे वाचताय आणि ते तुमच्या उंबऱ्यापाशी उभे आहेत. चहापाणी विचारत बसू नका, हाताला धरून आत घ्या. भाऊजींना खणातलं ते यंत्र लावायला लावा. नाहीच ऐकलं तर ह्यांना सांगा, ओरडून बोला, सगळ्या मजल्याला कळलं तरी चालेल. आमचा टीव्ही बंद करून मी आलेच मागोमाग. आजचा खुनी तुमच्याकडेच बघू. आवाज हवा तेवढा मोठा ठेवा.