माशाच्या पोटातलं शिसं

॥ श्री ॥

घाटकोपर, ता. २२ जानेवारी १९८४

ति. दादा यांस,
अनंतचा शि. सा. न. वि. वि.

वहिनीला नमस्कार. इकडे सर्व क्षेम, असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहितो. संपाला बुधवारी दोन वर्षं पुरी झाली. गिरणीच्या सुतारखात्यात मी तेरा वर्षं रंधा मारला, आता चाळीतल्या लोकांच्या खिडक्या ठोकून देतो. सुगंधा पापड लाटते. मुली शाळेत जातात एवढंच बरं चाललंय.

आता बातमी. तुझ्या होडीतून गोराई खाडीत मासे धरायला येतात ना, ते पार्ल्याचे कारखानीस साहेब परवा आमच्या चाळीत आले. माझा भाऊ सुतार आहे, असं तूच कधीतरी वल्हवताना म्हणाला होतास म्हणे. त्यांनी ट्रंक उघडली आणि आम्ही सगळे बघतच राहिलो. आत साठ-सत्तर खोटे मासे. परदेशातून आणलेले, कडक प्लास्टिकचे नाहीतर लाकडाचे, प्रत्येकाच्या पोटाखाली तीन काट्यांचे दोन-दोन गळ. रंग असे की धाकटी म्हणाली, बाबा, हे होळीहून आलेत काय. साहेब म्हणतात, तिकडच्या तळ्यातल्या माशांना हे चालतात, पण आपला जिताडा ढुंकून बघत नाही. त्यांना हे मासे आपल्या खाडीला साजेसे करून हवेत.

रविवार, ४ मार्चला ते दोन मित्रांना घेऊन तुझ्याच होडीतून येणार. माझ्या माशाला जिताडा लागला, तर बंगल्यामागे शेड घालून मला कायमचं कामावर ठेवणार. कायमचं, दादा. तो शब्द ऐकून सुगंधा आत जाऊन रडली.

मी आठव्या वर्षी गाव सोडून बाबांबरोबर मुंबईला आलो. खाडीतलं मला काही कळत नाही. तू आईजवळ खाडीवरच वाढलास. जिताडा काय खातो, कुठे बसतो, ते सविस्तर कळव. लोभ आहेच, तो थोडा पोस्टानेही येऊ दे.

तुझा,
अनंत


बोरिवली, ता. २९ जानेवारी १९८४

चि. अनंत यास,
अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. तुझ्याकडे नोकऱ्या घर शोधत चालत येतात, हे मी आजच बघत नाही. असो, चांगलं झालं.

जिताडा आळशी असतो रे. जेट्टीच्या खांबांच्या सावलीत, तिवरांच्या मुळांत दबा धरून बसतो. पाठलाग करायचा त्याला कंटाळा. खाऊ अगदी तोंडापुढून गेला पाहिजे. बोयटं आणि कोळंबी खातो, म्हणून तो होळीचा रंग खरवडून टाक. पाठ काळपट, पोट रुपेरी, बस. आपलं पाणी गढूळ, तेव्हा त्याला आधी ऐकू जातं, मग दिसतं. साहेबांचे गळ बारीक तारेचे आहेत, जिताडा एका झटक्यात सरळ करील. जाड घाल.

मुख्य म्हणजे मासा खांबापाशी हळूहळू खाली गेला पाहिजे आणि तिथे लोंबकळला पाहिजे. धोंड्यासारखा तळाला गेला तर चिखलात रुतेल, वर तरंगला तर जिताडा झोपलेलाच राहील.

वहिनी विचारते, सुगंधाचे पापड आम्हाला कधी मिळणार. आम्ही बोरिवलीत राहतो, विलायतेत नाही. मुलींना पापे. आठवण ठेवत जा, एवढंच मागणं.

तुझा दादा,
मधुकर


घाटकोपर, ता. १९ फेब्रुवारी १९८४

ति. दादा यांस,
शि. सा. न.

पापड मंगळवारी सुगंधाच्या भावाबरोबर पाठवतो. एक डाग असलेला आहे, तो तू खा.

तीन आठवडे दुसरं काही केलेलं नाही. पहिले चार मासे वाया गेले. रंग खरवडताना एकाचं डोकंच उडालं. मग हात बसला. आता असं करतो की दाभण तापवून पोटाला भोक पाडायचं, आत सायकलचे तीन छर्रे सोडायचे, म्हणजे पाण्यात खुळखुळतात. मग शिशाचे बारीक तुकडे, आणि भोक चिकटवून बंद. माशाच्या हनुवटीखाली पाणी कापायला एक पाती असते, ती कानशीने घासून अर्धी केली, त्यामुळे मासा ओढताना बोयटासारखा कूस बदलतो. रंगाला मोठीने मदत केली, खवले तिने पेनाच्या टाकाने काढलेत. गळ जाड घातले.

खरी मारामारी वजनाची. आमच्या दारातल्या पाण्याच्या पिंपात मासा सोडतो आणि सुगंधा आकडे मोजते. वीस म्हणेपर्यंत तळाला गेला पाहिजे. एक कण शिसं जास्त झालं की बदकन जातो, एक कण कमी की वरच राहतो. काल रात्रीपर्यंत बाराच्या बारा मासे वीस आकड्यांवर आणून ठेवलेत. पिंपाचं पाणी आता कोणी प्यायला तयार नाही.

यातले दोन तुझ्याकडे पापडांबरोबर येतील. हातात घेऊन बघ, आणि काही चुकलं असेल तर स्पष्ट सांग. दोन आठवडे आहेत, अजून सगळं बदलता येईल. तू बरोबर म्हणालास की मी निर्धास्त. लोभ ठेवतोसच, तसाच राहू दे.

तुझा,
अनंत


बोरिवली, ता. २४ फेब्रुवारी १९८४

चि. अनंत यास,
आशीर्वाद.

पापड आणि मासे पोचले. डागाचा पापड वहिनीने खाल्ला.

काम झकास आहे. खवले तर खऱ्यासारखे, मोठीला सांग. खुळखुळाही छान वाजतो. पिंपात वीस आकडे म्हणतोस, म्हणजे तू मेहनत घेतलीस. आता काही बदलत बसू नकोस, हात लावशील तर बिघडेल.

रविवारी पहाटे जेट्टीवर ये. मी आहेच. सर्वांना यथायोग्य.

मधुकर


घाटकोपर, ता. ८ मार्च १९८४

ति. मधुकरदादा यांस,
नमस्कार.

रविवारी काय झालं ते तुला सांगायला नको, वल्हं तुझ्याच हातात होतं. माझ्याजवळचे दहाच्या दहा मासे पाण्यावर तरंगत राहिले. साहेबांचे मित्र हसले. एक जण म्हणाला, आंघोळीच्या टबात सोडायला पोरांना द्या. साहेबांनी शेडचं नाव पुन्हा काढलं नाही, तेच वाईट. तीन तास मी खाली मान घालून बसलो. तूही खाली मान घालून वल्हवत होतास. मला वाटलं, तुला माझं वाईट वाटतंय.

परत येताना गोराईचे म्हातारे सेबॅस्टियन जेट्टीवर जाळं शिवत होते. माझा मासा त्यांनी हातात घेतला आणि विचारलं, कुठल्या पाण्यात तोललास. मी म्हणालो, नळाच्या. ते म्हणाले, अरे बाबा, गोड्या पाण्यात जे हळूहळू बुडतं ते खाऱ्यात तरंगतं, खारं पाणी वर उचलतं. शिसं आणखी थोडं घालायला हवं होतं, एवढंच. मग म्हणाले, तुझा भाऊ तर स्वतःचे गळ खाडीच्या पाण्याची बादली भरून त्यातच तोलतो, त्याने सांगितलं नाही?

दादा, मी तुला पिंपाचं लिहिलं होतं. तू उत्तरात पिंपाचं नावही घेतलंस. मुद्दाम विचारतो, तू विसरलास का? विसरलास असं एका ओळीत लिही. मी विश्वास ठेवीन.

अनंत


बोरिवली, ता. २७ मार्च १९८४

चि. अनंत यास,
आशीर्वाद.

उत्तराला उशीर झाला. विसरलो असं लिहिलेली दोन कार्डं फाडली. होय, माका म्हायत होता. तुझं पत्र वाचलं त्याच मिनिटाला कळलं होतं.

आता माझं ऐक. एकोणसत्तर साली बाबा गिरणीतून निवृत्त झाले. त्यांच्या जागी एका मुलाला घेणार होते, आणि थोरला मी होतो. मला तार आली. आईला शेजारणीकडे सोडून मी बोटीने तिसऱ्या दिवशी मुंबईला पोचलो, तर जागेवर तुझं नाव लागलेलं. बाबा म्हणाले, अनंता इथेच होता, गिरणीचे साहेब थांबायला तयार नव्हते. तू कोपऱ्यात नवीन चप्पल घालून उभा होतास. मी तुला मिठी मारली, आठवतं? त्यानंतर पंधरा वर्षं मी लोकांना खाडीत फिरवतोय आणि तू दर दिवाळीला मला बोनसची मिठाई पाठवत होतास. ती माझ्या घशाखाली उतरत नसे.

तुझं पत्र आलं तेव्हा वाटलं, एकदा याचंही बुडू दे. तेवढं एकदाच. खोटं मी काही बोललो नाही. तुझी वहिनी हे ऐकल्यापासून माझं जेवण वाढते आणि उठून जाते.

पुढचं तुला दुसऱ्याकडून कळू नये म्हणून लिहितो. गेल्या रविवारी साहेब एकटेच आले होते. तुझे दोन मासे माझ्याकडे होते, त्यात मी शिसं वाढवून बादलीत तोलून ठेवलं होतं. तुझी बाजू साहेबांना पटवायची, याच विचाराने, देवाशपथ. दुसऱ्याच फेकीला जेट्टीच्या तिसऱ्या खांबापाशी नऊ किलोचा जिताडा लागला. साहेब लहान मुलासारखे नाचले. विचारलं, हे वजन कोणी दुरुस्त केलं. मी म्हणालो, मी. ते म्हणाले, मग काम तुम्हीच सांभाळा, ज्याला खाडी कळते तोच माणूस मला हवा.

नाही म्हणायला तोंड उघडलं होतं. मग तुझी ती नवीन चप्पल आठवली. एक तारखेपासून पार्ल्याला जायचं आहे.

पण कोरणं, रंगवणं माझ्याच्याने होणार नाही. मी मासे तुझ्याकडे पोचवीन, तू घरी बसून कर, वजनाचं मी बघेन. जे मिळेल त्यात निम्मं तुझं. साहेबांना सांगायचं कारण नाही. विचार कर. राग असेल तर असू दे, पण नातं तोडू नकोस, एवढं थोरल्याचं ऐक.

तुझा दादा,
मधुकर


घाटकोपर, ता. ३ एप्रिल १९८४

श्री. मधुकर केळुसकर यांस,
स. न. वि. वि.

आपलं पत्र पावलं. वहिनींना माझा नमस्कार सांगावा.

गिरणीच्या जागेबद्दल आपण लिहिलंत ते खरं आहे. मी एकोणीस वर्षांचा होतो आणि मला ती जागा हवी होती. साहेब आणखी दोन दिवस थांबले असते. थोरल्यासाठी थांबायचं का, असं बाबांनी विचारलं तेव्हा मी गप्प बसलो. हे मी आजवर कोणालाच सांगितलं नव्हतं, सुगंधालाही नाही. कबूल करायला एक दिवस आपल्याकडे येणार होतो. आता त्याची गरज उरली नाही, आपण वसूल केलंत.

आता आपण सांगितलेल्या कामाचं. मी नाही म्हणणार होतो. सुगंधाने पिठाचा रिकामा डबा आणून पुढ्यात ठेवला. तेव्हा करतो. दर शनिवारी मासे आणावेत, पुढच्या शनिवारी तयार मिळतील. वजनही मीच बघेन, ते काम मी अर्धवट सोडणार नाही. त्यासाठी भरतीचं पाणी कॅन भरून आणत जा.

मासे आणि कॅन खाली नळापाशी ठेवून सुगंधाला हाक मारावी, ती उतरून घेऊन जाईल. आपण वर येऊ नये. मुलींना आम्ही यातलं काही सांगितलेलं नाही. काका आले म्हणून त्या हात धरून आत आणतील, चहा प्यायला बसवतील, आणि मला आपल्यासमोर बसून तो प्यावा लागेल.

कळावे.

अनंत केळुसकर